तीन एकर कोरडवाहू आणि नीट: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

जिंतूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलीला दहावीला ९३ टक्के पडले, मराठी माध्यम, तिला डॉक्टर व्हायचंय. घरी तीन एकर कोरडवाहू. लातूरला नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावायचा तर एक एकर विकावं लागेल. सोयरे म्हणतात, डॉक्टरकी पैसेवाल्यांची, नादी लागू नका. दुसरे म्हणतात, आता परभणीतच मेडिकल झालंय, जिल्ह्याच्या पोरांना जागा मिळतीलच. विकू का?

भाऊ, मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी निकाल लागला की आमच्या ओसरीवर फायली घेऊन पोरं येतातच, ती प्रवेशाचा शेवटचा राऊंड होईपर्यंत. त्यामुळे सांगतोय ते या ओसरीवरून दिसलेलं. मुंबई-पुण्याच्या घरांचा हिशेब वेगळा असेल.

आधी उत्तर, मग कारणं. आत्ता एकर विकू नका. विकायची वेळ कदाचित येईलही, पण ती दोन वर्षांनी, आणि तेव्हा विकलेल्या रुपयाला आजच्यापेक्षा जास्त मोल असेल.

कारण असं की तुम्ही, आणि तुमच्यासारखे बहुतेक वडील, मेडिकलच्या फीला घाबरता. फी मोठी आहेच, पण तुमच्या मुलीचं घोडं तिथे अडायचं नाही. सरकारी महाविद्यालयाची शिकवणी फी आपल्या राज्यात वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात आहे आणि तुमच्यासारख्या घरातल्या मुलीची तीही बहुधा माफ होईल, त्याबद्दल पुढे लिहितो. घोडं अडतं ते अकरावी, बारावी आणि त्यानंतरच्या त्या एका वर्षात, ज्याला पोरं ‘रिपीट’ म्हणतात. माझ्याकडच्या ज्या मुलांना सरकारी जागा मिळाल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त दुसऱ्या प्रयत्नात लागल्या. पहिल्या प्रयत्नात लागणारी बहुतेक कुणाची? शिक्षकाची, डॉक्टरची, बँकेतल्या साहेबाची. ही पोरं आठवी-नववीपासून फाउंडेशनच्या क्लासला असतात. म्हणजे त्यांचंही ते दुसरं-तिसरं वर्षच, फक्त आपल्याला दिसत नाही. शेतकऱ्याच्या मुलीला ते वर्ष बारावीनंतर घ्यावं लागतं आणि नेमकं तेव्हा घरातला पैसा संपलेला असतो.

आता जरा हिशेब मांडू. लातुरात बऱ्यापैकी क्लासची फी, कॉट बेसिसवर खोली, मेस, टेस्ट सिरीज, पुस्तकं, सणावाराला गावी येणं-जाणं असं सगळं धरलं तर माझ्या विद्यार्थ्यांच्या घरचा खर्च वर्षाला पावणेदोन ते दोन लाखांवर जातो. तुमच्या तीन एकरात सोयाबीन एकरी सात क्विंटल धरलं तर एकवीस क्विंटल झालं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पुरता मिळाला (मोंढ्यात किती वेळा मिळतो हे मी तुम्हाला काय सांगू) तरी एक लाख बारा हजारांच्या आत. त्यातून बी, खत, फवारणी, मळणी वजा करा. म्हणजे लातूरचं एक वर्ष हे तुमच्या दोन-तीन हंगामांचं हातात आलेलं उत्पन्न झालं. एकर विकून दोन वर्षं निघतील, पण बारावीनंतर मुलगी वीस-पंचवीस मार्कांनी हुकली तर तिसऱ्या वर्षाला हातात काही नसेल. त्या वर्षी मी अनेक हुशार मुली नर्सिंगला किंवा बीएस्सीला गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि दोघी-तिघींच्या तर त्याच उन्हाळ्यात सोयरिकी झाल्या.

एक उदाहरण सांगतो. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, मुलगी आजीकडे राहून शिकलेली. दोन वर्षं तिने आमच्याच महाविद्यालयात काढली, क्लास नाही. पहिल्या प्रयत्नात जीवशास्त्रात ३६० पैकी तीनशेच्या वर आणि भौतिकशास्त्रात १८० पैकी साठसुद्धा नाहीत. हा नमुना मी इतक्या वेळा पाहिलाय की निकालाचा कागद हातात घेताच ‘पोरगी मराठी माध्यमाची आहे’ हे सांगू शकतो. पाठांतराने जीवशास्त्र येतं. भौतिकशास्त्राला आठवी ते दहावीचं गणित पक्कं लागतं, आणि कुणीतरी रोज गणितं सोडवून घ्यावी लागतात. तिच्या आई-बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती, तरी त्यातले पैसे त्या एका वर्षासाठी राखून ठेवले. ती लातूरला गेली, क्लासच्या चाळणी परीक्षेवर अर्धी फी माफ करून घेतली आणि वर्षभर जवळजवळ फक्त भौतिक-रसायन केलं. पुढच्या निकालात सरकारी जागा. तोच पैसा अकरावीला घातला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण दुसऱ्या वेळी नेमकं कुठे कमी पडतंय हे तिला ठाऊक होतं, आणि अकरावीच्या मुलीला ते ठाऊक नसतं.

म्हणून माझा सल्ला असा. अकरावी-बारावी जिंतूरला किंवा परभणीला करू द्या, शक्य असेल तर नात्यात कुणाकडे ठेवून. महाविद्यालय अनुदानित बघा, जिथे भौतिकशास्त्राचे सर खरोखर वर्गावर जातात असं. हे शोधायला पाटी वाचू नका, मागच्या वर्षीच्या चार पोरांना विचारा. ती ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातली असेल तर नागपूरची महाज्योती संस्था नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट देते, टॅबलेट आणि डेटासह. दहावीच्या मार्कांवर अर्ज करायचा असतो आणि मुदत गेली की गेली. टॅबलेट म्हणजे शिक्षक नव्हे हे खरं. पण घरी काहीच नसण्यापेक्षा बरं, आणि आठवड्याची एक टेस्ट सिरीज त्याला जोडली तर दोन वर्षांत पाया होतो. लातूरसाठी जी काही शिल्लक असेल ती तिसऱ्या वर्षाला राखा.

इथे एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. दहावीच्या ९३ टक्क्यांत गणिताचे किती, हे तुम्ही लिहिलं नाही. गणितात पंचाण्णव असतील आणि तिला ते आवडत असेल तर लातूर किंवा नांदेडच्या क्लासच्या चाळणी परीक्षेला आत्ताच बसवा. सत्तर-ऐंशी टक्के फी सुटत असेल तर अकरावीलाच पाठवणं परवडेल. फी सोडतो असं तोंडी सांगतात, ते कागदावर घ्या.

आता भाषेचं. नीटचा पेपर मराठीत मिळतो, पुस्तिकेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही असतात. अर्ज भरताना मराठी निवडली आणि केंद्र महाराष्ट्रातलं असलं की झालं. तरीही मी बहुतेकांना इंग्रजीतूनच तयारी करायला सांगतो. मराठी भाषांतर कित्येकदा असं असतं की मूळ इंग्रजी वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि दोन्हींत फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न, त्यात दोनदा वाचायला सवड कुठली? अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत मुली रडतात. ‘हरितलवक’ म्हणून जे पाठ केलं ते ‘क्लोरोप्लास्ट’ निघतं, ‘परासरण’चं ‘ऑस्मॉसिस’ होतं. मी वहीला मधोमध रेघ मारायला लावायचो, डावीकडे दहावीचा शब्द, उजवीकडे अकरावीचा. दिवाळीपर्यंत डावी बाजू आपोआप रिकामी राहायला लागते. तोवर धीर धरा, ‘हिला जमत नाही’ असा निकाल घरात लावू नका.

परभणीच्या मेडिकलबद्दल. २०२३ साली ते सुरू झालं, शंभर जागांचं. मराठवाड्यात धाराशिव, जालना, हिंगोलीलाही अलीकडे सरकारी महाविद्यालयं आली. पण जिल्ह्यात महाविद्यालय आलं म्हणून जिल्ह्याच्या मुलांना जागा राखीव होत नाहीत. पंधरा टक्के जागा देशपातळीवर जातात, उरलेल्या पंच्याऐंशी टक्के राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून भरतात. पूर्वी आपल्याकडे ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात महाविद्यालयं मोजकी, म्हणून आपल्याकडच्या मुलांना जास्त मार्क असूनही जागा हुकायची आणि पुण्या-मुंबईकडे कमी मार्कांवर मिळायची. सप्टेंबर २०२० मध्ये तो कोटा रद्द झाला. आपल्याकडे पेढे वाटले. मीही खाल्ला, पण माझं मत विचाराल तर फायदा झाला तो लातूर-नांदेडच्या क्लासात पोहोचलेल्या मुलांना. जिंतूरच्या खेड्यातली मुलगी तेव्हाही त्याच लातूरच्या मुलांशी झुंजत होती, आजही झुंजते आहे. विभागाविभागांतली दरी बुजली, पण शहर आणि खेडं यांच्यातली तशीच आहे. तामिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलांना साडेसात टक्के जागा ठेवल्या, तसलं आपल्याकडे काही नाही.

नीट आली तेव्हाही असंच झालं. एखादं वर्ष सोडलं तर २०१६ पर्यंत राज्याच्या जागा राज्याच्या सीईटीवर भरायच्या, म्हणजे बोर्डाचं पुस्तक कोळून प्यायलेल्या पोराला संधी होती. त्यानंतर केंद्राची, एनसीईआरटीची पुस्तकं आली, जी आमच्या तालुक्याच्या दुकानात पहिल्या वर्षी मिळतसुद्धा नव्हती. पोरं लातूरहून झेरॉक्स आणायची.

परभणीचा उपयोग नाही असं नाही. जागा मिळालीच तर घराजवळचं महाविद्यालय पसंतीक्रमात घालता येतं आणि दर महिन्याचा मुंबईचा खर्च वाचतो. फक्त ‘आपल्या जिल्ह्याचं आहे’ म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका.

सोयरे म्हणतात त्यात तथ्य किती? आहे, पण ते म्हणतात त्या ठिकाणी नाही. २०२५ साली बावीस लाखांवर मुलं नीटला बसली, बारा लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. खुल्या गटाची पात्रतेची रेषा ७२० पैकी १४४ वर होती. १४४ मार्कांवर सरकारी जागा स्वप्नातसुद्धा मिळत नाही. पण पात्र ठरलेल्या मुलाच्या वडिलांकडे वर्षाला वीस-पंचवीस लाख मोजायची तयारी असेल तर अभिमत (‘डीम्ड’) विद्यापीठात सरकारी कटऑफच्या निम्म्या मार्कांवर जागा मिळालेली मी पाहिली आहे. शेजारच्या बाकावरच्या तुमच्या मुलीला त्याहून दोनशे जास्त असतील आणि ती घरी बसेल. पैशाचं राज्य आहे ते इथे. सरकारी यादीत पैसा चालत नाही, तिथे फक्त मार्क आणि प्रवर्ग चालतो. तुमचा सगळा जोर त्या यादीवर ठेवा आणि बाकीच्याचा त्रास करून घेऊ नका. सांगणं सोपं आहे, मला माहितीये. माझ्या स्वतःच्या भाच्याच्या वेळी मला झोप लागली नव्हती.

मधली एक पायरी आहे, खासगी महाविद्यालयं. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती महाविद्यालयागणिक बदलते आणि वर्षाला कित्येक लाखांत जाते. ऐकूनच तुम्ही पान उलटाल, पण मुलींच्या बाबतीत उलटू नका. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय झाला आहे: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झाला पाहिजे. संस्था कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या योजना आधीपासून आहेत. म्हणजे सरकारी जागा थोडक्यात हुकलेल्या मुलीला खासगीतली कॅपची जागा आज परवडू शकते, जी तिच्या थोरल्या बहिणीला परवडली नसती. वसतिगृह, मेस, ठेव आणि ‘इतर’ नावाखालची फी मात्र द्यावी लागते. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने माझ्या विद्यार्थिनीला ‘आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ’ म्हणून दारातच थांबवलं होतं. बाप शेळ्या विकायला निघाला होता. शासन निर्णयाची प्रत आणि प्रवेश नियमावलीचं पान जोडून लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तेव्हा तिसऱ्या दिवशी प्रवेश झाला. तोंडी भांडू नका, पोच मागा.

आता कागद. माझ्या अनुभवात खेड्यातल्या मुलांच्या जागा मार्कांच्या खालोखाल कागदांनी घालवल्या आहेत. शहरातला बाप सुटी टाकून दोन दिवसांत दाखले काढतो. तुम्हाला सेतूवर जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि साहेब दौऱ्यावर असले की दुसऱ्या दिवसाची. म्हणून हे आत्ता, अकरावीतच करा. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. मागास प्रवर्गात असाल तर जातीच्या दाखल्यापेक्षा जात वैधता, म्हणजे तो दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र, महत्त्वाची. तिला वेळ लागतो, कारण जुने पुरावे मागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुनी जन्म-मृत्यू नोंद, खासरा पत्रक असलं काही हुडकावं लागतं. भावकीत वडिलांकडून कुणाची वैधता झाली असेल तर आधी त्यांच्या दारात जा, निम्मं काम तिथे होतं. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे वैधतेचे अर्ज महाविद्यालयामार्फत जातात. नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले ३१ मार्चला संपतात, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी एप्रिल उजाडताच नवीन काढायचे. नावातला काना-मात्रा आधार, दहावीची सनद आणि दाखल्यावर एकच आहे का, ते बघा. एका मुलाच्या बापाचं नाव एका कागदावर ‘लिंबाजी’ आणि दुसऱ्यावर ‘निंबाजी’ होतं. त्या पोराचा एक अख्खा राऊंड गेला.

कुणी राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासची गोष्ट काढली तर एवढं लक्षात ठेवा. राज्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, अपवाद थोडे. राजस्थानातून बारावी दिली की आपल्याच घरातला हक्क जातो.

आणि परदेशाची पत्रकं घेऊन एजंट येतीलच, रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया. तुम्हाला ते ‘स्वस्त’ म्हणून सांगतील. पाच-सहा वर्षांचा खर्च तुमच्या तिन्ही एकरांवर जाईल, आणि परत आल्यावर ३०० पैकी १५० मार्कांची परीक्षा पास झाल्याशिवाय इथे सुई टोचता येत नाही. त्यात दर वेळी बहुसंख्य नापास होतात. तुमच्या परिस्थितीत मी हा रस्ता सुचवणार नाही.

जागा लागल्यावरचं थोडक्यात: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, तिथे विद्यावेतन मिळतं. सरकारी जागेवर शिकलं की एक वर्ष शासनाची बंधपत्रित सेवा, न केल्यास दहा लाख भरायचे. गावाकडच्या मुली ती करतात, मी त्याला ओझं मानत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. तुमचा सातबारा-आठ अ तिथे कामाला येईल, म्हणूनही तो सांभाळा.

कटऑफच्या गप्पांत एक घोळ नेहमी होतो. ‘अमक्याच्या मुलीला इतक्या मार्कांवर लागलं’ हे मागच्या वर्षाचं वाक्य यंदा निरुपयोगी असतं. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात १७ उरले. २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्यालाही ६८६. मार्क विचारू नका, राज्याच्या यादीतला क्रमांक विचारा.

तेव्हा भाऊ, एकर राहू द्या. दोन गोष्टी कळवा: दहावीला गणितात आणि विज्ञानात वेगवेगळे किती, आणि तुमच्या भावकीत कुणाची जात वैधता झालेली आहे का. आणि मुलीला मधोमध रेघ मारलेली एक वही आजच करायला सांगा. अकरावीचे वर्ग सुरू व्हायच्या आत दहावीच्या विज्ञानाचे शब्द डावीकडे लिहून झाले पाहिजेत.